मामंजींचें फडताळ

आमच्या सांगलीच्या घरांत सैंपाकघराच्या भिंतींत एक जुनें फडताळ होतें. त्यांत बावीस डबे. सारे पितळी, सारे एकाच घाटाचे, आणि एकाहि डब्यावर नांव नाहीं. लग्न होऊन मी या घरांत आलें तेव्हां पहिल्याच आठवड्यांत मीं सासूबाईंना विचारलें कीं, या डब्यांवर चिठ्ठ्या कां लावूं नयेत? त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "अगं, चिठ्ठ्या कशाला? दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरा, हेंच मोहरीचं नांव."

पुढें एकदां घराला रंग देण्याचें काम निघालें. मजुरांनीं फडताळ रिकामें केलें आणि काम संपल्यावर मोठ्या सद्भावनेनें सारे डबे पुसून, लख्ख करून, एका ओळींत परत लावून ठेवले. एकहि डबा हरवला नव्हता, एक दाणाहि सांडला नव्हता. तरीसुद्धां त्या दुपारीं कणकेंत मिठाच्या जागीं पिठीसाखर पडली आणि घरांतल्या तेरा माणसांनीं आमटीबरोबर गोड पोळ्या खाल्ल्या. वस्तु सगळ्याच्या सगळ्या जागेवर असतात आणि तरीहि कांहींतरी गेलेलें असतें, हें त्या दिवशीं मला प्रथम कळलें. हीच गोष्ट पुष्कळ वर्षांनीं अगदीं निराळ्या ठिकाणीं, संगणकाच्या पडद्यावर, मला पुन्हां भेटली. आणि त्या वेळीं प्रकरण गोड पोळ्यांवर भागणारें नव्हतें.

माझे मामंजी शाळेंत गणित शिकवीत आणि उरलेला सारा जन्म गाणें ऐकत. मिरज आमच्या घरापासून पांच-सहा मैलांवर. तंबोऱ्यांचें गांव म्हणून मिरजेची ख्याति आहे, आणि अब्दुल करीम खांसाहेबांचें वास्तव्यहि तेथलेंच. १९३७ सालीं खांसाहेब निवर्तले; त्यांची समाधि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. उरुसाच्या दिवसांत तेथें गवई येऊन हजेरी लावतात. मामंजी तरुणपणापासून त्या रात्रींना जात. पुढें त्यांनीं एक ध्वनिमुद्रक घेतला आणि बैठकींत, रेडिओपुढें, मित्रांच्या ओटीवर बसून, परवानगी घेऊन कॅसेटी भरावयास आरंभ केला. निवृत्त झाले तेव्हां त्या कॅसेटी चारशेंच्या घरांत गेल्या होत्या.

२००५ सालीं मुलांनीं त्यांना संगणक घेऊन दिला. तेव्हांपासून २०१२ पर्यंत, सात वर्षें, मामंजींनीं या कॅसेटी एकेक करून संगणकांत उतरविल्या. हें काम घाईनें करतां येत नाहीं. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटेंच घेते; तिला लवकर आटप म्हणतां येत नाहीं. मामंजी सकाळचा चहा घेऊन कानांना यंत्र लावून बसत आणि दुपारच्या जेवणापर्यंत एक बाजू, फार तर दोन बाजू, उतरवून घेत. अशा रीतीनें १,८६४ फायली झाल्या. २०१३ सालीं मामंजी गेले.

या फायलींची मांडणी त्यांनीं कशी केली होती तें सांगितल्यावांचून पुढची हकीकत समजणार नाहीं. सर्वांच्या मुळाशीं ‘संग्रह’ नांवाचा एक फोल्डर. त्याच्या पोटांत दिवसाच्या आठ प्रहरांचे आठ फोल्डर; त्यांखेरीज ‘पावसाळा’, ‘वसंत’, ‘समाप्ति’ आणि ‘घरचें’ असे आणखी चार. प्रहराच्या आंत राग, रागाच्या आंत गाणारा किंवा वाजविणारा, आणि त्याच्या आंत बैठकीची तारीख. मल्हाराचे प्रकार प्रहरांत न घालतां पावसाळ्यांत घातलेले. बसंत व बहार वसंतांत. भैरवी वस्तुतः सकाळची रागिणी, परंतु बैठक कोणत्याहि वेळीं असो, ती भैरवीनें संपवावयाची हा आपला रिवाज. म्हणून ती ‘समाप्ति’मध्यें. अगदीं आंतल्या फोल्डरांत मात्र फाईलीचें नांव केवळ ‘०१ विलंबित’ किंवा ‘०२ द्रुत’ एवढेंच. गणिताच्या शिक्षकाला एकच गोष्ट दोनदां लिहिणें पसंत नव्हतें. प्रहर, राग, गायक आणि तारीख फोल्डरांवर लिहिलेली असतां तीच फाईलीवर पुन्हां कशाला लिहावयाची? सासूबाईंच्या डब्यांचाच न्याय.

‘घरचें’ या फोल्डरांत ललत रागाची एकच फाईल होती. तिची गोष्ट अशी. सासूबाई माहेरीं आठ वर्षें गाणें शिकल्या होत्या. लग्नानंतर तें सुटलें. कोणी मना केलें नव्हतें, पण वीस माणसांच्या घरांत तंबोरा खालीं उतरविण्यास कोणाला सवड होती? १९७९ सालच्या एका पहाटे देवघरांत निरांजनाच्या वाती करतां करतां त्या आपल्याशींच ललत आळवीत होत्या. मामंजींनीं शेजारच्या खोलींत हलकेच यंत्र सुरू केलें. अकरा मिनिटांचें तें गाणें. मध्येंच दूधवाल्याची हाक आहे आणि शेवटीं कोणी मूल रडतें. तें मूल म्हणजे आमचे ‘हे’. मामंजींनीं या फाईलीलाहि, मोठमोठ्या गवयांच्या फायलींप्रमाणेंच, ‘०१ विलंबित’ असें नांव दिलें होतें. त्यांत त्यांचा आपल्या पत्नीविषयींचा किती आदर होता, तें मला पुष्कळ उशिरां कळलें.

२०१८ च्या दिवाळीला सारें कुटुंब सांगलीस जमलें. थोरले भावजी नागपूरचे, धाकटे बंगळूरचे; थोरल्या जाऊबाईंची मुलगी लग्नानंतर जर्मनीस जावयाची होती. प्रत्येकाकडे मामंजींच्या गाण्यांची एकेक प्रत असावी असें ठरलें. अडचण होती ती आकाराची. ध्वनि अंकांत उतरवितांना सेकंदाला ४४,१०० वेळां त्याची मोजणी होते, आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंची प्रत्येक मोजणी १६ अंशी आंकड्यांत लिहिली जाते. त्यामुळें एका तासाच्या गाण्याला सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. मामंजींनीं २००१ सालीं निघालेली फ्लॅक ही पद्धति वापरली होती. ती आंकडे घडी घालून ठेवते, पण एकहि टाकून देत नाहीं. घडी उलगडली कीं मूळचें लुगडें जसेंच्या तसें. तरीहि सारा संग्रह साध्या फोनमध्यें मावण्याजोगा नव्हता. म्हणून त्याची एमपी-थ्री प्रत करावी असें ठरलें. या पद्धतीचें मानक १९९३ चें. ती कानाला सहसा जाणवणार नाहींत असे अंश गाळून टाकते, आणि सेकंदाला १९२ किलोबिट या मापानें तासाभराचें गाणें ८६ मेगाबाइटांत बसविते. गाळलेलें परत येत नाहीं. म्हणून अशी प्रत ऐकण्यापुरती करावी आणि मूळ जपून ठेवावें, हा या विषयांतला पहिला धडा.

हें काम थोरल्या जाऊबाईंच्या मुलानें अंगावर घेतलें. तो पुण्यास संगणकाचीच नोकरी करतो. त्यानें एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणला, ‘संग्रह’ त्याच्या स्वाधीन केला, आणि रात्रीं सारे झोपल्यावर यंत्र आपलें काम करीत राहिलें. पहाटे पडद्यावर अक्षरें होतीं : काम पूर्ण, चुका शून्य. मामंजींच्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचें चित्रण ठेवावयाचें होतें. तेव्हां फराळ झाला कीं ती डिस्क पुसून टाकतों, असें त्यानें आंघोळीला जातां जातां मला सांगितलें. मी चकलीच्या ताटांत गुंतलेली होतें. "बरं," एवढेंच मीं म्हटलें.

नरकचतुर्दशीची पहाट होती. सर्वांचीं अभ्यंगस्नानें चालू होतीं. सासूबाई तेव्हां एक्याऐंशीं वर्षांच्या, उटणें लावून झाल्यावर पाटावर बसल्या बसल्या त्या मला म्हणाल्या, "अगं, आज ललत लाव. घरचं."

मीं नवा फोन उघडला. फोल्डर कोठेंच दिसेनात. एका लांबलचक यादींत फायली एकीखालीं एक उभ्या होत्या. ‘०१ विलंबित’ मला दिसली. तीच असेल म्हणून मीं लावली. पहिल्या चार स्वरांतच सासूबाईंचा हात थांबला. "हा मालकंस आहे," त्या म्हणाल्या. "मध्यरात्रीचा राग. पहाटे कुणी लावला?" आणि मग, अगदीं हळू, "माझं कुठं गेलं?"

त्या प्रश्नानें मला एकदम पोळ्यांची आठवण झाली. मी हात पुसून संगणकाशीं गेलें आणि दोन्ही ठिकाणच्या फायली मोजल्या. जुन्या डिस्कवर १,८६४. नव्या प्रतींत १४३. मीं पुतण्याला हाक मारली. तो टॉवेलानें केंस पुशीत आला, पडद्याकडे पाहिलें, आणि त्याचा चेहरा उतरला. "काकू," तो म्हणाला, "यांत यंत्राची चूक म्हणतां येणार नाहीं. ‘त्याच नांवाची फाईल आधींच असली तर काय करूं?’ असं त्यानं विचारलं होतं. मीच ‘सर्वांना होय’ म्हटलं."

झालें होतें तें असें. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कोठून घ्यावयाचें आणि कोठें ठेवावयाचें. घेतांना तो मुळापासून शेवटच्या फांदीपर्यंत सर्व फोल्डर धुंडाळतो आणि प्रत्येक फाईलीचा पूर्ण पत्ता टिपून घेतो. परंतु ठेवतांना, वेगळें सांगितलें नसेल तर, बरेचसे प्रोग्रॅम त्या पत्त्यांतलें केवळ शेवटचें नांव उचलतात आणि सर्व फायली एकाच ठिकाणीं टाकतात. कल्पना करा कीं, टपालवाल्यानें पाकिटांवरील गांव, पेठ, वाडा आणि मजला हें सारें खोडलें आणि ‘तात्या’ एवढेंच ठेवलें. मग साऱ्या महाराष्ट्रांतल्या तात्यांना एकाच खोलींत पाठविलें. शिवाय त्या खोलींत एकच खुर्ची. नवा तात्या आला कीं आधींचा बाहेर. आमच्या कित्येक ‘०१ विलंबित’ अशाच एकमेकींना ढकलीत गेल्या, आणि शेवटीं जी आली ती त्या खुर्चीवर बसून राहिली. ती मालकंसाची होती. यंत्राच्या मतें यांत चूक कांहींच नव्हती. त्यानें १,८६४ वेळां काम केलें होतें आणि १,८६४ वेळां तें सफळ झालें होतें.

डिस्क अजून पुसलेली नव्हती, हें आमचें भाग्य. फराळ व्हावयाचा होता एवढ्यामुळेंच ती वांचली. सासूबाईंनीं त्या पहाटे ललत मागितला नसता तर मला मोजावयाचें सुचलें नसतें, आणि दहा वाजेपर्यंत सात वर्षांचें काम व एका बाईचा आवाज कायमचा गेला असता. फराळाचें ताट पुढें आलें तेव्हां माझ्या घशाखालीं घांस उतरेना.

सासूबाईंना मीं जुन्या डिस्कवरून ललत लावून दिला. दूधवाल्याची हाक आली तेव्हां त्या हंसल्या. मूल रडूं लागलें तेव्हां त्यांनीं डोळे मिटले. नंतर आम्ही दोघें, मी आणि पुतण्या, कामाला लागलों.

प्रथम वादच झाला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, हल्लीं फोल्डर पाहतो कोण? फाईलीच्या पोटांतच राग, गायक, तारीख हें सारें लिहिण्याची सोय असते. तेवढें भरून टाकलें कीं शोध घेतांच हवें तें सांपडतें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु शोध घेणाऱ्याला काय शोधावयाचें तें आधीं ठाऊक असावें लागतें. ‘मारवा’ हें नांव ज्यानें ऐकलें नाहीं तो मारवा शोधणार कसा? मामंजींच्या मांडणींत मात्र संध्याकाळचा फोल्डर उघडणारा अजाण मूलहि मारवा, पूरिया, पूर्वी यांच्या दाराशीं जाऊन उभा राहतो. शोध ही जाणत्याची सोय आहे. मांडणी ही नेणत्याला बोट धरून नेणारी वडील माणसें आहेत. शेवटीं आमच्यांत तडजोड झाली ती अशी कीं, दोन्ही करावें. आणि गंमत पाहा, फाईलीच्या पोटांत लिहावयाचा मजकूर आम्हांस मिळाला तो फोल्डरांच्या नांवांवरूनच. मांडणी शाबूत होती म्हणून चिठ्ठ्या लिहितां आल्या. उलट क्रमानें तें घडलें नसतें.

मग योग्य रीत अशी ठरली. ज्या मुळापासून संग्रह सुरू होतो तें मूळ निश्चित करावयाचें. प्रत्येक फाईलीच्या पत्त्यांतून तेवढें मूळ वजा करावयाचें. जें उरेल, म्हणजे प्रहर, राग, गायक, तारीख आणि नांव, तें जसेंच्या तसें नव्या मुळाला जोडावयाचें. आणि फक्त शेवटचें शेपूट, फ्लॅकचें एमपी-थ्री, बदलावयाचें. कांहीं प्रोग्रॅममध्यें ‘मूळ रचना कायम ठेवा’ अशा अर्थाची खूण असते; ती केली कीं भागतें. पुतण्यानें एफएफएमपेग हें जुनें व खात्रीचें साधन घेतलें. तें एका आज्ञेला एक फाईल रूपांतरित करतें. सर्व फोल्डरांतून त्याला हिंडविण्याची आज्ञा आपण लिहावी लागते. त्याचा एक स्वभाव असा कीं, ज्या फोल्डरांत ठेवावयाचें तो आधीं अस्तित्वांत नसेल तर तें स्वतः बनवीत नाहीं. नकार देऊन थांबतें. म्हणून आधीं रिकाम्या फोल्डरांचें झाड उभें करावें लागलें. विंडोजमधील रोबोकॉपी या साधनाला ‘फोल्डर सारे घे, फायली एकहि घेऊं नको’ असें सांगतां येतें. त्यानें क्षणार्धांत मामंजींचें सारें रिकामें घर नव्या जागीं बांधून दिलें. तें मीं उघडून पाहिलें. सर्व खोल्या होत्या, दारांवर नांवें होतीं, आणि आंत कोणी नव्हतें. लग्नाच्या आदल्या रात्रींचा मांडव असावा तसें तें दिसत होतें.

दुसरी खबरदारी पुसण्याविषयींची. एफएफएमपेगला ‘वाय’ हा संकेत दिला तर तें जुन्या फाईलीवर न विचारतां नवी लिहितें. ‘एन’ दिला तर असलेल्या फाईलीला हातहि लावीत नाहीं. आम्हीं ‘एन’ दिला. ‘सर्वांना होय’ हें उत्तर संगणकाला द्यावयाचें नाहीं, असा आमच्या घरचा आतां दंडक आहे.

दुसऱ्या रात्रीं काम झालें आणि आम्हीं पुन्हां मोजलें. १,८६१ ! तीन कमी. पुतण्यानें कपाळाला हात लावला. आतां तर मांडणी तंतोतंत होती. मग तीन फायली गेल्या कोठें? फोल्डरवार मोजतां मोजतां उलगडा झाला. तीन ठिकाणीं मामंजींनीं एकाच नांवाच्या दोन फायली ठेवल्या होत्या. एक फ्लॅक, दुसरी जुन्या वेव्ह पद्धतीची. मूळांत त्यांचीं शेपटें निराळीं म्हणून त्या सुखानें एकत्र नांदत होत्या. रूपांतरांत दोघींचें शेपूट एकच झालें आणि दुसरीला जागा उरली नाहीं. मात्र ‘एन’ दिलेला असल्यामुळें या वेळीं कोणी कोणाला पुसलें नाहीं; दुसरी नुसती दाराबाहेर थांबली. तिघींना वेगळीं नांवें देऊन आंत घेतलें आणि १,८६४ चा आंकडा जुळला.

एवढ्यावर समाधान मानणार तोंच मला मामंजींच्या टिपांची आठवण झाली. बहुतेक फोल्डरांत त्यांनीं ‘टीप’ नांवाची एक साध्या मजकुराची फाईल ठेवली होती : तबल्यावर कोण होतें, कॅसेट कोणत्या जागीं उलटली, श्रोत्यांत कोण बसलें होतें. एके ठिकाणीं लिहिलें आहे, ‘येथें वीज गेली, गाणें थांबलें नाहीं.’ रूपांतर करणाऱ्याला काम सांगितलेलें असतें तें गाण्याचें. तो कागदाकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. रचना कायम राहूनहि या टिपा सर्वच्या सर्व मागें राहिल्या होत्या. त्या वेगळ्या नकलून त्यांच्या त्यांच्या जागीं नेऊन ठेवल्या. आणखी एक अडचण लांबीची. विंडोजच्या पुष्कळशा प्रोग्रॅमना फाईलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आंत लागतो. मामंजींच्या कांहीं तारखांपुढें बैठकीचें स्थळ, प्रसंग आणि यजमान असा सारा मजकूर होता, आणि नवें मूळ आम्हीं खोल जागीं ठेवल्यामुळें तो पत्ता मर्यादेबाहेर गेला. उपाय सोपा होता. फोल्डरांचीं नांवें न कापतां नवें मूळच डिस्कच्या अगदीं दाराशीं आणून ठेवलें. सरतेशेवटीं प्रत्येक फोल्डरांतील फायलींची संख्या आणि एकूण वेळ दोन्ही बाजूंनीं ताडून पाहिली. ‘चुका शून्य’ या यंत्राच्या शब्दापेक्षां आपल्या मोजणीवर विसंबणें बरें.

या खटाटोपांत मला एक गोष्ट वाचल्याची आठवण झाली. फ्रान्समध्यें १८४१ सालीं दफ्तरखान्यांकरितां असा दंडक घालण्यांत आला कीं, एका संस्थेचे किंवा घराण्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळूं नयेत. पुढें १८९८ सालीं तीन डच दफ्तरदारांनीं आपल्या ग्रंथांत आणखी पुढचें तत्त्व मांडलें : कागद ज्या क्रमानें मूळ कचेरींत लावले होते तो क्रमहि राखावा, कारण क्रम हाच एक पुरावा आहे. आपल्या पुण्यांतील पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेलें आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० पासून पुढील वर्षांत प्रसिद्ध केले. सुट्या पत्रावर पुष्कळदां सालहि नसतें. तें कोणत्या रुमालांत, कोणत्या पत्रांच्या शेजारीं निघालें यावरून त्याची ओळख पटविण्यास मदत होते. कागद तोच, पण शेजार सुटला तर तो मुका होतो. आमच्या ‘०१ विलंबित’ची गत हीच झाली होती.

दिवाळी संपली. नागपूर, बंगळूर आणि पुणें अशा तीन प्रती गेल्या. नागपूरच्या भावजींना मीं एमपी-थ्रीबरोबर मूळ फ्लॅकचीहि एक संपूर्ण प्रत दिली. ते म्हणाले, "अगं, एवढी कशाला? मूळ तुमच्याकडे आहेच कीं." मीं आग्रह धरला, तो कोणत्याहि दूरदृष्टीनें नव्हे, त्या पहाटेची धास्ती मनांतून गेली नव्हती इतकेंच.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या घरांत चढलें. आमच्या माजघरांत पुरुषभर पाणी होतें. सासूबाईंना होडींतून बाहेर काढलें. दहा दिवसांनीं परत आलों तेव्हां कॅसेटींची पेटी चिखलानें भरलेली होती. संगणक आणि मामंजींची डिस्क त्यांच्या टेबलासह उलथून पडलेलीं. पितळी डबे तेवढे घासून पुन्हां लख्ख झाले. सासूबाईंनीं ते स्वतः उभें राहून जागच्या जागीं लावून घेतले. गाण्यांविषयीं त्यांनीं एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. त्याच संध्याकाळीं नागपूरहून भावजींनीं दूरध्वनि केला आणि कांहींहि न बोलतां तो आपल्या यंत्राजवळ धरला. माझ्या हातांतून सासूबाईंनीं फोन घेतला, अकरा मिनिटें कानाशीं धरून ठेवला, आणि शेवटीं एवढेंच म्हणाल्या, "दूधवाला आला."

२०२२ सालीं सासूबाई गेल्या. आतां आमचीं घरें तीन गांवीं आहेत; सांगलीचें घर तसें एकटेंच असतें. पूर्वीप्रमाणें तेरा पानें एका पंक्तीस बसत नाहींत. परंतु कोणत्याहि घरीं गेलें तरी ‘संग्रह’ उघडतांच तेच बारा दरवाजे त्याच क्रमानें दिसतात. मुळाचें गांव बदललें, त्यापुढचा पत्ता तोच आहे.

जर्मनींतल्या पुतणीनें, सासूबाई असतांना, एकदां त्यांना विचारलें होतें कीं, "आजी, इथं जूनमध्यें रात्रीं साडेनऊला सूर्य मावळतो. मग मारवा कधीं लावूं? घड्याळाप्रमाणें कीं कसा?" सासूबाईंनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "सूर्याला विचार. घड्याळ मागाहून आलं."

परवां तिचें पत्र आलें. तिला आतां मुलगी झाली आहे. ती लिहिते कीं, पहाटे बाळ उठतें तेव्हां ती ‘घरचें’ उघडते, आणि शेवटीं तें चाळीस वर्षांपूर्वींचें मूल रडूं लागलें कीं हें बाळ आपलें रडणें थांबवून कान देऊन ऐकत राहतें.